सड्यावर झाडं लावण्याआधी: कोकणच्या कातळावरचं गवत, फुलं आणि पाणी

प्रश्न: आमचं गाव राजापूर तालुक्यात आहे. गावाच्या वर मोठा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार आहे, सातबाऱ्यावर बहुतेक पोटखराबा. आमच्या मुंबई मंडळाने येत्या पावसात तिथे देशी झाडं लावायचं ठरवलंय. जेसीबीने खड्डे मारायचे, खालून माती आणून भरायची, असा बेत आहे. गावातल्या काही जणांचं म्हणणं, सड्यावर श्रावणात फुलं येतात, त्यापेक्षा कासासारखं पर्यटन करा. सड्यावर नेमकं काय उगवतं, ते खरंच दुर्मीळ असतं का, आणि झाडं लावली तर काय बिघडेल?

उत्तर: खड्डे मारू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. झाडं लावायला माझा विरोध नाही, तुमच्याच गावात त्यासाठी जागा आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहितो. पण सडा ही ती जागा नव्हे. तिथे पूर्वी जंगल होतं आणि ते तुटून माळ झाला, असा अनेकांचा समज असतो. काठावर आणि उतारावर तसं झालंही आहे. सड्याच्या मधल्या सपाट कातळावर मात्र दाट जंगल उभं राहील इतकी माती मुळातच नसते. तो जन्माने माळच आहे, आणि त्याच्यावरची वनस्पतींची वस्ती उघड्यावर राहायलाच घडलेली आहे.

सड्याची बदनामी होते याला आपलं सुट्ट्यांचं वेळापत्रकही थोडं जबाबदार आहे. चाकरमानी गावी येतात ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. मे महिन्यात सडा बघितला तर काळाकुट्ट कातळ, वाळलेल्या गवताचे ठोंब आणि चटका. गणपतीत येतो तेव्हा दारात पाहुणे, पावसाची रिपरिप, सड्यावर जातो कोण? त्यामुळे पिढ्यान् पिढ्या मे महिन्याचाच सडा डोक्यात बसलेला असतो आणि ‘इथे काही नाही, काहीतरी लावूया’ असं मनापासून वाटतं.

आधी जमिनीचं बघू. रायगडच्या दक्षिण भागापासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्यापर्यंत, समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात जांभ्याची ही पठारं पसरली आहेत. उंची फार नाही, बहुतेक समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आत. काही तर थेट समुद्रावर कड्यासारखी येऊन थांबतात. वरचा थर लोह-ॲल्युमिनियमने घट्ट बांधलेला, टणक. खाली जांभा मऊ होत जातो, आणि त्याखाली पिवळसर-पांढरी चिकणमाती. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे त्याच कातळावर चार महिने दलदल आणि आठ महिने वाळवंट. त्यात अरबी समुद्राकडून येणारा खारा वारा आणि डोक्यावर सावलीचा पत्ता नाही. या सगळ्याला तोंड देऊन जे टिकतं तेच सड्यावर असतं. म्हणून इथली वस्ती बुटकी, झटपट आयुष्य उरकणारी किंवा जमिनीखाली दडून बसणारी आहे.

आता ‘काय उगवतं’ या प्रश्नाचं उत्तर. यादी पाठ करण्याऐवजी दोन गोष्टी मोजायला शिका: माती किती खोल आहे, आणि पाणी किती दिवस थांबतं. सड्यावरचा प्रत्येक वनस्पती-समूह या दोन मापांवर ठरतो. सड्याची उंची, तालुका, दिशा यांचा परिणाम होतो, पण तो नंतरचा. माझ्या कामात एक लोखंडी सळई आणि एक पट्टी एवढं असलं की अर्धं काम होतं. सळई मातीत टेकवायची, कातळाला लागली की खूण करायची.

ऑगस्टमध्ये सड्यावर कुठलाही एक खळगा निवडा, परातीएवढा पुरे, आणि गुडघे टेकून बघा. अगदी मधे, जिथे बोटभर पाणी साचलंय, तिथे रोटाला असेल, लालसर दांड्याची, चिमुकल्या पानांची. तिच्या भोवती, मुळं पाण्यात आणि डोकं वर अशा बेताने, गेंदाचे पांढरे गोंडे. शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. त्याच्याही बाहेर, जिथे पाणी साचत नाही पण माती सतत भिजलेली आहे, तिथे निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं. मग एक अरुंद पट्टा बारीक गवताचा, करंगळीएवढं गवत. आणि कडेला, कातळ उघडा पडतो तिथे, शेवाळाची हिरवी-काळी गादी. या सगळ्याचा व्यास दोन हातसुद्धा नाही. मातीची खोली मधे दीड पेर, कडेला नखाएवढी. चार-पाच वेगळे शेजार, आणि कुणी कुणाच्या पट्ट्यात फारसा शिरत नाही. ‘सड्यावर गवत आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा असे हजारो खळगे, त्यांच्या मधले ओहोळ आणि मातीचे तुकडे मिळून झालेली एक गोधडी बघत असतो.

उघड्या कातळापासून सुरुवात करू. तो काळा दिसतो तो उन्हाने जळल्यामुळे नव्हे, त्याच्यावर निळ्या-हिरव्या जिवाणूंचा पातळ थर असतो म्हणून. पाऊस पडला की हा थर जागा होतो, हवेतला नायट्रोजन धरतो, आणि सड्यावरच्या कंजूष अर्थव्यवस्थेत ही मोठी कमाई असते. कातळाच्या भेगांत ट्रायपोगॉन नावाचं गवत सापडेल. एप्रिलमध्ये त्याचे ठोंब बघून कुणीही ‘मेलं’ म्हणेल. पान हातात चुरा होईल इतकं कोरडं. पहिल्या सरींनंतर एक-दोन दिवसांत तीच पानं हिरवी होतात. नवी फुटत नाहीत, जुनीच परत जिवंत होतात. अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी पेशी शाबूत ठेवायची ही कला फार थोड्या फुलझाडांना येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची नोंद केली. त्याआधी भारतातून अशा जेमतेम नऊ जाती माहीत होत्या. आणि यांचं मुख्य घर म्हणजे उघडे खडक. याच कातळावर लेपिडॅगॅथिसच्या काही जाती जमिनीला चिकटून पसरतात आणि बाकी सगळं वाळून गेल्यावर, हिवाळ्यात फुलतात. त्यांची वेळ वेगळी असल्यामुळे पावसाळी सर्वेक्षणांत त्या हटकून सुटतात.

मग येतात ओली चादर पांघरलेले भाग. मातीचा थर काही मिलिमीटर ते पेरभर, आणि त्यावरून सतत पातळ पाणी सरकत असतं. माझ्या मते सड्याचा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात आधी मरणारा भाग हाच. इथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा, लव्हाळ्यांचे बारके भाऊबंद असा मेळा असतो. यातल्या दोघांना कीटक खायची सवय का लागली, ते समजून घ्या, कारण झाडं लावण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. धो धो पावसाने मातीतलं नायट्रेट धुऊन जातं. फॉस्फरस असतो तोही जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम जखडून ठेवतं. म्हणजे पाणी भरपूर, ऊन भरपूर, खायला मात्र काही नाही. ड्रोसेरा पानांवरच्या चिकट केसांनी चिलटं धरते. सीतेच्या आसवांचा डाव चिखलात चालतो. जमिनीखाली तिच्या धाग्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी एखादा सूक्ष्म जीव लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार बंद होतं. आत ओढण्याचं काम एका मिलिसेकंदाच्या आत उरकतं. एक झाड हलक्या हाताने मातीसकट उचलून बशीतल्या पाण्यात धुवा, साध्या भिंगाखाली पिशव्या दिसतील. एकच उचला, आणि परत लावा.

गरिबी हेच या समूहाचं संरक्षण आहे. खत नसल्यामुळे उंच, रानटी, धसमुसळी झाडं इथे येऊ शकत नाहीत. ज्या दिवशी या पाण्यात खत उतरतं त्या दिवसापासून गणित उलटं होतं.

सीतेच्या आसवांच्या जाती एकाच सड्यावर तीन-चार सहज सापडतात. त्यातली युट्रिक्युलेरिया जनार्दनमी ही जात कोकणच्या जांभ्याच्या पठारांवरून वर्णन झाली. नाव दिलंय गोवा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. जनार्दनम यांच्यावरून. गेंदाचंही तसंच. एरिओकॉलॉन कोकनेन्से हे नावच पत्ता सांगतं. गेंद ओळखणं मात्र चिवट काम आहे, फुलं इतकी बारकी की सूक्ष्मदर्शकाशिवाय जात सांगणं म्हणजे अंदाजपंचे. कुणी मोबाइलच्या फोटोवरून छातीठोकपणे गेंदाची जात सांगितली तर मान डोलवा आणि वहीत ‘गेंद, क्र. १’ असंच लिहा.

खोलगट जागी, जिथे सळई वितीच्या आसपास आत जाते, तिथे खरं गवत. गवताकडे लोक बघत नाहीत. सड्याची शान माझ्या दृष्टीने फुलांपेक्षा गवतांत आहे. इंडोपोआ हे चिमुकलं गवत घ्या. या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जगभरात जात एकच, आणि ती आपल्याच पश्चिम भारतातली. ग्लायफोक्लोआ ही दुसरी प्रजाती, तिच्या सगळ्या जाती भारतीय द्वीपकल्पात, आणि बऱ्याचशा जांभ्याच्या सड्यांवर. एकीचं नाव रत्नागिरिका, दुसरीचं गोएन्सिस. हिचं कणीस हातात घेऊन बघा: एकावर एक बसवलेल्या टणक मण्यांसारखं, आणि पिकलं की मणी मणी सुटा होऊन पडतो. डायमेरियाची कणसं दोन-तीन नाजूक बोटांसारखी पसरतात. इश्चेममची जाडजूड, दोन जोडलेली. ऑक्टोबरात ही सगळी गवतं पिवळी-तांबूस होतात तेव्हा लांबून एकच रंग दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की मातीची खोली दोन बोटांनी बदलली की गवत बदललंय. कुसळी जिथे दाट आहे तिथे माती जास्त आहे आणि बहुधा वणवाही दरवर्षी येतो, एवढं कपड्यांना टोचणाऱ्या कुसळांवरूनही सांगता येतं.

या गवतांत कवल्याची पिवळी फुलं असतात. कवला शेंगवर्गी, मुळांच्या गाठींत नायट्रोजन धरणारा. आणि तुतारी: पांढरी, लांब नळीची, संध्याकाळी उमलणारी. ती दिसायला साधी हिरवी असली तरी गवताच्या मुळांतून रस चोरते. म्हणजे गवत गेलं की तीही गेली. या वस्तीत नाती अशी जमिनीखालून बांधलेली आहेत.

कंदवाल्यांचा हंगाम वेगळा. ते पाऊस स्थिरावायची वाट बघत नाहीत, वर्षभराची शिदोरी कंदात असते. पहिल्या सरी पडल्या की आठवड्याभरात पिवळी-पांढरी फुलं वर. काळी मुसळी, पांढऱ्या मुसळीचे नातेवाईक, थोड्या दिवसांनी आषाढी आमरीसारख्या जमिनीवरच्या ऑर्किड. आणि डिपकॅडी कोकनेन्से. ही कोकण किनाऱ्याच्या सड्यांची खास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निकोल डाल्झेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिचं वर्णन केलं. लांब दांडा, त्यावर पांढरी, नळीसारखी फुलं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिच्या फुलांनी सड्याचे काही तुकडे पांढरे होतात आणि जुलैत तिथे उभं राहिलात तर तिचा मागमूस लागत नाही. तुमचा वृक्षारोपणाचा मुहूर्त नेमका याच दिवसांतला, हे लक्षात ठेवा.

डबक्यांबद्दल थोडक्यात. मोठ्या डबक्यांत ॲपोनोजेटॉन, कुमुदासारखी नाजूक पानफुलं, काही ठिकाणी रानटी भात, ज्याला बरेच जण देवभात म्हणतात. विस्नेरिया ट्रायअँड्रा ही पाणवनस्पती अशा डबक्यांत आणि जवळच्या भातखाचरांत मिळते आणि मिळाली तर ती मोठी नोंद आहे. फोटो काढा, उपटू नका. झुडपांची बेटं तुम्हाला माहीत आहेतच: करवंद, पिटकुळी, अंजनी, कुडा, कातळ फुटून माती साचलेल्या जागी किंवा वारुळाच्या आधाराने. पक्षी तिथे बसतात, बिया टाकतात, बेट हळूहळू वाढतं. ती तोडू नका आणि ती वाढवायच्या नादालाही लागू नका.

हे दुर्मीळ आहे का? एकेक झाड मोजलं तर गेंद लाखांनी असेल. दुर्मीळ आहे ती जागा. यातल्या कितीतरी जाती फक्त पश्चिम घाट आणि कोकणात, आणि त्यातही फक्त जांभ्याच्या कातळावर. ही जागा गेली तर शेजारच्या भातशेतीत किंवा जंगलात त्यांना दुसरं घर नाही. कासचं पठार सातारा जिल्ह्यात सुमारे बाराशे मीटरवर आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं, सगळ्यांना माहीत झालं. खालच्या सड्यांना असं कवच नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात असे उघडे कातळ ‘खडकाळ, ओसाड’ या रकान्यात पडतात, आणि त्या रकान्यातली जमीन म्हणजे कारखाना, विमानतळ, खाण, वृक्षारोपण, कशालाही मोकळी असा सरकारी आणि खाजगी दोन्ही मंडळींचा समज असतो. गोव्यात मोपाचं पठार असंच विमानतळाखाली गेलं. विकास हवा की नको या वादात मी इथे शिरत नाही. पण हिशोबात जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू लिहायच्या असतात, आणि सड्याची बाजू आजवर कोरीच राहिली आहे.

आता खड्ड्यांचं. जेसीबीने वरचा टणक थर फोडला की पहिला परिणाम पाण्यावर. जे पाणी पातळ थराने सरकत, खळग्यांत थांबत जात होतं ते खड्ड्यात उतरतं. पन्नास फुटांवरची ओली चादर कोरडी पडते. दुसरं, बाहेरून आणलेली माती. पहिल्या जोरदार पावसात ती वाहते आणि उताराकडच्या खळग्यांत बसते. गेंदाचं बी मिलिमीटरपेक्षा लहान, दोन बोटं माती वर आली की संपलं. शिवाय त्या मातीसोबत रानमोडी, घाणेरी आणि रानतुळस यांचं बी फुकट येतं. तिसरं, खत आणि पालापाचोळा. वर सांगितलेलं गरिबीचं संरक्षण इथे मोडतं. चौथं, सावली. सीतेची आसवं आणि गेंद उन्हाचे जीव, त्यांना विरळ सावलीही चालत नाही.

आणि एवढं करून झाडं जगतील का? वड, पिंपळ कातळाच्या भेगेत जगतात हे खरं. पण खड्ड्यातल्या रोपाची मुळं चार महिने पाण्यात कुजतात, आठ महिने भाजतात. टँकरने पाणी घातलं तर दोन-तीन वर्षं ओढतील. पाणी थांबलं की बहुतेक जातील, आणि तुटलेला कातळ तसाच राहील. देशी झाड म्हणजे कुठेही चालणारं झाड नव्हे. आपल्याकडे सामाजिक वनीकरणात सड्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली, ती मात्र जगली. तिच्याखाली जाऊन बघा: सुकलेल्या, न कुजणाऱ्या पानांचा जाड थर, आणि खाली जवळजवळ काही नाही. २०१६ ते २०१९ मध्ये राज्यात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी असे वृक्षलागवडीचे आकडे वाढत गेले. एवढी रोपं लावायला मोकळी जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटलं की बोट सड्याकडे जातं.

गावकऱ्यांना फुलांपेक्षा पाण्याची भाषा लवकर पटते, आणि ती खरीही आहे. पावसाळ्यात सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराला, वाडीच्या वरच्या अंगाला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. तुमच्या वाडीच्या विहिरी कुठे आहेत आणि सड्याचा काठ कुठे आहे, हे नकाशावर मांडा. मुंबई मंडळाच्या सभेत हा एक कागद पुरेल.

आंब्याबद्दल बोललो नाही तर लबाडी होईल. सड्यावर सुरुंग लावून, माती भरून कलमं लावणं हे गेल्या काही दशकांत रत्नागिरी-देवगडमध्ये सर्वत्र झालं, १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळाल्यावर अधिकच. त्यावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्यांना नावं ठेवणारा मी कोण. पण उरलेल्या सड्यातला प्रत्येक तुकडा बागेखालीच गेला पाहिजे असं नाही, आणि बाग असली तरी खताचं पाणी सड्याच्या उघड्या भागाकडे वळणार नाही एवढा बांध घालता येतो. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, बांधायला सड्यावरचे सुटे दगड वेचतात, तेही जपून. त्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. ती जगात फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर आहे. चिरेखाणीबद्दल मात्र मला मध्यममार्ग दिसत नाही. खाण म्हणजे सडा संपला.

गुरं चरली तर चालतील का, असं पुढे विचाराल म्हणून लिहितो. चालतील, थोडी हवीतच. चरणं आणि गवत कापणं पूर्ण थांबलं की उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलांचं ऊन अडतं. कासला काही काळ जाळीचं कुंपण होतं, पुढे ते काढलं गेलं, त्यामागे हाही मुद्दा चर्चेत होता. वणव्याचं तसं नाही. कंद जमिनीखाली वाचतात, पण झुडपांची बेटं, पक्ष्यांची घरटी आणि शेजारची कलमं होरपळतात. दरवर्षी आग लावायची सवय सोडाच.

पर्यटनाबद्दल माझं मत सावध आहे. कासला दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, तिकीट, स्थानिक समित्या एवढं सगळं असूनही हंगामात दमछाक होते. तुमच्याकडे यातलं काही नाही. ओल्या चादरीवर एक माणूस चालला तर पावलाएवढं भोक पडतं, गाडी नेली तर चाकोरीतून पाणीच दुसरीकडे वळतं. दहा-बारा जणांचे गट, गावातला वाटाड्या, उघड्या कातळावरून ठरलेली वाट, आणि गाड्या डांबरी रस्त्यावर, एवढं जमत असेल तर करा. रील बनवून जागेचा पत्ता टाकण्याआधी हे ठरवा.

करायचं काय? एक वर्ष नोंदी करा. चार फेऱ्या पुरेत: पाऊस सुरू झाल्यावर लगेच कंदांसाठी, जुलैच्या मध्यावर, गणपतीच्या सुमाराला, आणि ऑक्टोबरात गवतांसाठी. जमलं तर जानेवारीत एक, लेपिडॅगॅथिससाठी. मीटर बाय मीटरची चौकट करा, बांबूच्या काठ्यांची चालेल. उघडा कातळ, ओली चादर, गवत, डबक्याची कड अशा प्रत्येक प्रकारात काही चौकटी ठरवा, कातळावर ऑइलपेंटचा बारीक ठिपका देऊन ठेवा म्हणजे दर फेरीला तीच जागा सापडेल. प्रत्येक चौकटीत मातीची खोली, पाणी आहे-नाही, आणि कुठली झाडं किती जागा व्यापतात ते लिहा. नाव माहीत नसेल तर गावातलं नाव लिहा, तेही नसेल तर क्रमांक. फोटो काढताना फूल समोरून, बाजूने, पान, आणि बाजूला पट्टी. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभाग गाठा, कोकणच्या सड्यांवर काम केलेली माणसं तिथे भेटतात.

या नोंदी ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत घाला. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. असेलच, कागदावर तरी. तिची बैठक लावायला सांगा. याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गात आंबोलीच्या हिरण्यकेशीला २०२१ मध्ये तो दर्जा मिळाला, तिथल्या एका छोट्या माशासाठी. सड्यासाठी मागायला काहीच हरकत नाही. खाजगी सातबारा असलेल्या तुकड्यांच्या मालकांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर प्रस्ताव पहिल्याच ग्रामसभेत आपटेल.

आणखी एक. तुमच्या तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ इथल्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. ही शिल्पं अशाच सड्यांवर, कधी गवत-मातीखाली झाकलेली असतात. तुमच्या सड्यावर गुराख्यांना माहीत असलेली एखादी ‘चित्रं’ आहेत का, हे विचारा. असतील तर जेसीबीचा विषय तिथेच मिटेल.

आता झाडांची जागा. सड्याच्या काठाखालचा उतार, जिथे माती कमरेएवढी आहे आणि जुनं रान तुटलेलं आहे, तिथे आईन, किंजळ, जांभूळ, अंजनी लावा. झऱ्यांच्या वर, पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना लावा. देवराई असेल तर तिच्या कडेला. वाडीच्या पाणंदीला वड-पिंपळ शोभतील आणि त्यांना पाणी घालायला माणसंही असतील. जमलेले पैसे शंभर रोपांत घालण्यापेक्षा वीस रोपं आणि त्यांची तीन वर्षांची राखण यात घाला. गुरांपासून वाचवायला काटेरी फांद्यांचं कुंपण पुरतं. खड्डे कुदळीने, मे महिन्याच्या शेवटी, आणि माती त्याच जागेची.